मोटारसायकलीचे आसन

मोटारसायकलीचे आसन : मोटारसायकलस्वार व त्याच्यामागील सहप्रवासी यांच्या शरीराचा भार पेलणारा, वाहनाच्या सांगाड्यावर बसविलेला गादीयुक्त भाग. व्यवहारात त्यास ‘सीट’ म्हणतात. एकट्या स्वारासाठी असलेल्या जुन्या पद्धतीच्या स्प्रिंगयुक्त आसनास मात्र खोगीर ही घोड्यावरून आलेली संज्ञा लावली जाते. वाहनाबरोबर कारखान्यातून आलेले आसन काढून त्याजागी दुसऱ्या कारागिराने वा कारखान्याने तयार केलेले जे आसन बसवितात, त्यास बदली आसन म्हणता येईल. दूर पल्ल्याच्या प्रवासासाठी अशा आसनांची गरज का भासू लागली व ती भागविणारा एक वेगळा व्यवसाय कसा उभा राहिला, हा मोटारसायकलीच्या इतिहासातील काहीसा दुर्लक्षित भाग आहे. एंजिन, दंतचक्रे, चाके व ब्रेक यांविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु स्वाराचा वाहनाशी संबंध येतो तो हात, पाय व बैठक या तीन ठिकाणी आणि त्यांपैकी बैठकीवर शरीराचा बहुतेक भार असतो. तेथे उद्भवणारी वेदना तासाभरात असह्य होऊ शकते आणि वेदनेने चुळबुळणाऱ्या स्वाराचे रस्त्यावरील लक्ष उडते. त्यामुळे आसनाचा प्रश्न केवळ सुखसोयीचा नसून सुरक्षिततेचाही आहे.

प्रारंभीचा काळ : गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत १८८५ मध्ये तयार केलेली लाकडी सांगाड्याची स्वयंचलित दुचाकी ही पहिली मोटारसायकल मानली जाते. तिचे चामडी आसन घोड्याच्या खोगिराच्या घाटाचे होते व ते थेट एंजिनावर बसविलेले होते. नोव्हेंबर १८८५ मध्ये डाइमलर यांचा मुलगा पाउल याने तीवरून कानश्टाट ते उंटरट्युर्कहाइम असा प्रवास केला. एंजिनातील मिश्रण पेटविणारी तप्त नळी आसनाच्या खालीच असल्याने या प्रवासात आसनाने पेट घेतला, असे सांगतात. आसनाच्या गैरसोयीची तक्रार मोटारसायकलीइतकीच जुनी आहे, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

यानंतरच्या मोटारसायकली सायकलीच्या सांगाड्यावरून विकसित झाल्या व त्यांचे आसनही सायकलीवरूनच आले. हा व्यवसाय बहुतांशी घोड्याचे साज करणाऱ्या चर्मकारांच्या हाती होता. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १८६६ मध्ये जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी स्थापन केलेला उद्योग मुळात घोड्यांच्या साजाचा होता. त्यांनी १८८२ मध्ये सायकलीच्या चामडी खोगिराचे एकस्व घेतले आणि पुढे त्यांच्या उद्योगाने मोटारसायकलींसाठीही खोगिरे बनविली. अमेरिकेत मेसिंजर, ट्रॉक्सेल इ. कारखाने मोटारसायकल-निर्मात्यांना खोगिरे पुरवीत. म्हणजे आसन हा आरंभापासूनच मोटारसायकलीच्या कारखान्याबाहेर, वेगळ्या कसबाच्या लोकांकडे तयार होणारा भाग होता. पुढील इतिहासाच्या संदर्भात ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

स्प्रिंगयुक्त खोगीर : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक मोटारसायकलींच्या मागील चाकास स्प्रिंगा नसत, चाक सांगाड्यास घट्ट जखडलेले असे. खडीच्या वा कच्च्या रस्त्यावरील प्रत्येक धक्का त्यामुळे सांगाड्यातून वर येई व तो शोषून घेण्याचे सर्व काम खोगिरावर पडे. यासाठी जाड चामडे पोलादी चौकटीवर तंबूच्या कापडाप्रमाणे ताणून बसवीत किंवा बारीक स्प्रिंगांची जाळी करून तीवर नमदा व त्यावर चामडी वा रोगणी कापडाचे आवरण घालीत. खोगिराचे पुढील टोक बिजागरीने सांगाड्यास जोडलेले असे आणि मागील बाजूस दोन जाड मळसूत्री स्प्रिंगा असत. अमेरिकेतील हार्ली-डेव्हिडसन कंपनीने १९१२ मध्ये यात महत्त्वाची सुधारणा केली. तिने सांगाड्याच्या उभ्या नळीतच लांब स्प्रिंग बसवून खोगिराचा दांडा तीवर तोलला. ही रचना त्या कंपनीच्या वाहनांत कित्येक दशके टिकली. इंडियन या प्रतिस्पर्धी कंपनीने १९१३ मध्ये निराळा मार्ग अवलंबून मागील चाकासच पाटा-स्प्रिंगा दिल्या. परंतु त्या काळी ही पद्धत सार्वत्रिक झाली नाही.

स्प्रिंगयुक्त खोगिरात दोषही होते. स्प्रिंगेची हालचाल मंदावणारी योजना बहुधा नसल्याने मोठ्या खड्ड्यानंतर स्वार वरखाली हिंदकळत राही. तो वर उडाला की, सुकाणूचा दांडा व पायटे यांपासूनचे त्याचे अंतर बदले व वाहनावरील पकड सैल होई. तथापि या खोगिराचा एक गुण नंतरच्या काळात हरवला. ते रुंद होते, मागे पसरट व पुढे निमुळते होते, आणि ताणलेले चामडे कालांतराने बसणाऱ्याच्या शरीराप्रमाणे आकार घेत असे. एकाच स्वाराने वर्षानुवर्षे वापरलेले खोगीर दुसऱ्यास टोचते, हा अनुभव सायकलस्वारांप्रमाणे मोटारसायकलस्वारांसही होता.

सहप्रवाशासाठी प्रारंभी मागील चाकाच्या मडगार्डावर किंवा सामानाच्या कॅरियरवर स्वतंत्र गादी असे. हार्ली-डेव्हिडसनने १९३३ मध्ये दोघांना पुरेल असे लांबट खोगीर जादा किमतीत देऊ केले. मूळ आसनाऐवजी ग्राहकाने वेगळे आसन विकत घ्यावे, या पद्धतीची ही एक जुनी नोंद होय; मात्र येथे विकणारा वाहनाचा कारखानाच होता.

लांब गादीचा उदय : दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी एकदम घडल्या व आसनाचे स्वरूप पालटले. पहिली म्हणजे मागील चाकास स्प्रिंगा व धक्काशोषक देण्याची पद्धत रूढ झाली. रॉयल एनफील्डची १९४९ पासून विक्रीस आलेली बुलेट, नॉर्टनचा १९५० मधील ‘फेदरबेड’ हा शर्यतीचा सांगाडा इत्यादींमध्ये मागील चाक झुलत्या काट्यावर बसविलेले होते. धक्के चाकाजवळच शोषले जाऊ लागल्यावर खोगिराखालील स्प्रिंगांची गरज उरली नाही. दुसरी गोष्ट म्हणजे फोम. इंग्लंडमधील डनलॉप कंपनीत १९२९ मध्ये ई. ए. मर्फी यांनी रबराच्या चिकापासून सच्छिद्र फोम तयार करण्यात यश मिळविले होते. व्हिन्सेंट कंपनीने १९४६ मध्ये आणलेल्या मोटारसायकलीस या फोमची दोघांसाठीची सलग गादी होती. पुढील दहा-बारा वर्षांत बहुतेक सर्व कारखान्यांनी अशी गादी स्वीकारली. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधलेल्या पॉलियुरेथेनाचा मऊ फोम १९५० नंतरच्या दशकात व्यापारी प्रमाणावर मिळू लागला व त्याने रबरी फोमची जागा घेतली. साच्यात ओतलेला फोम, त्याखाली पत्र्याचे आणि पुढे प्लॅस्टिकचे तबक व वर व्हिनिलचे आवरण ही आसनाची रचना आजही कायम आहे.

लांब गादी स्वस्त होती व दिसावयास आटोपशीर होती. परंतु खोगिराबरोबर त्याचा खास कारागीरही गेला. आसन हा आता वाहनाच्या बाह्यरेषेचा एक भाग झाला व त्याचा आकार रेखाटनकाराच्या फळ्यावर ठरू लागला. आखूड अंगाच्या ग्राहकाचे पाय जमिनीस टेकावेत म्हणून गादी पुढे अरुंद व पातळ केली गेली. शर्यतीच्या वाहनांच्या अनुकरणाने ती पेट्रोलच्या टाकीकडे उतरती झाली. आणि दुकानात ग्राहक दोन मिनिटे बसून पाहतो तेव्हा ती सुखद वाटावी म्हणून फोम मऊ ठेवला गेला. या तिन्ही गोष्टी विक्रीच्या दृष्टीने समर्थनीय होत्या, पण दिवसभर बसणाऱ्याच्या दृष्टीने तिन्ही चुकीच्या होत्या.

मऊपणा व आराम : मऊ आसन म्हणजे आरामदायक आसन, ही समजूत सर्वत्र आढळते, पण ती फार थोड्या वेळापुरती खरी आहे. बसलेल्या माणसाचा भार मुख्यतः श्रोणीच्या तळाशी असलेल्या आसनास्थींच्या दोन उंचवट्यांवर पडतो. त्यांच्याखालील त्वचा व स्नायू हाड आणि आसन यांमध्ये दाबले जातात. सूक्ष्म केशवाहिन्यांच्या रोहिणीकडील टोकाशी रक्ताचा दाब सु. ३२ मिमी. (पारा) असतो, असे यूजीन लँडिस यांच्या १९३० मधील मापनात आढळले होते. बाहेरील दाब यापेक्षा बराच जास्त व दीर्घकाळ राहिला, तर तेथील रक्तपुरवठा मंदावतो. प्रथम बधिरता, नंतर जळजळ व शेवटी तीव्र वेदना असा क्रम स्वारास जाणवतो. खुर्चीवर बसलेला माणूस नकळत कूस बदलीत असतो. मोटारसायकलस्वारास, विशेषतः खोलगट आसनावर, तेवढीही मोकळीक नसते. शिवाय एंजिनाची थरथर व रस्त्याचे धक्के यांची त्यात भर पडते. उभ्या दिशेतील कंपनांपैकी दर सेकंदास सु. ४ ते ८ आवर्तनांची कंपने बसलेल्या शरीरास सर्वांत जास्त जाणवतात.

मऊ फोमवर बसताच तो चटकन दबतो व सुरुवातीस दाब पसरल्यासारखा वाटतो. परंतु तासाभराने त्यातील पोकळ्या पूर्णपणे मिटतात आणि आसनास्थी जवळजवळ खालच्या तबकावर टेकतात. कडेचा न दबलेला फोम मात्र मांड्यांच्या आतील बाजूस व माकडहाडाजवळ रेटत राहतो. याउलट घट्ट फोम प्रथम कठीण वाटला, तरी पुरेशा रुंदीचा व योग्य घाटाचा असल्यास भार मोठ्या क्षेत्रावर वाटून देतो व सायंकाळपर्यंत तसाच राहतो. येथे घनता व काठिण्य यांत गल्लत होते. घनता म्हणजे फोमच्या विशिष्ट घनफळातील द्रव्य. तीवर त्याचा टिकाऊपणा अवलंबून असतो. काठिण्य म्हणजे तो ठराविक अंशाने दाबण्यास लागणारा जोर. जास्त घनतेचा फोमही मऊ असू शकतो, हे पुष्कळ विक्रेत्यांसही ठाऊक नसते.

मराठीत निरुपयोगी भरताडास ‘खोगीरभरती’ म्हणतात. हलक्या प्रतीच्या चिंध्या व गवत भरून फुगविलेल्या खोगिरावरून ही संज्ञा आली. भरणीच्या जाडीपेक्षा तिचा कस महत्त्वाचा, हे साज करणाऱ्यांस माहीत होते. फोमच्या युगात ते पुन्हा शिकावे लागले.

बदली आसनांचा व्यवसाय : हे पुनःशिक्षण प्रामुख्याने अमेरिकेत झाले. तेथील लांब महामार्ग, सुटीत हजारो किमी. फिरण्याची हौस आणि १९७५ मधील होंडा ‘गोल्ड विंग’ सारखी जड प्रवासी वाहने ही त्याची पार्श्वभूमी होय. नौदलात विजेची कामे केलेले माइक कॉर्बिन यांनी स्वतःच्या नॉर्टन मोटारसायकलीसाठी आसन तयार केले. त्यास मागणी येऊ लागल्यावर १९६८ मध्ये त्यांनी कनेक्टिकट राज्यात व्यवसाय सुरू केला व पुढे तो कॅलिफोर्नियात हलविला. काचतंतूच्या तबकावर घट्ट फोम व त्यावर बहुधा चामडे, अशी त्यांची पद्धत होती. हे आसन नवे असताना दगडासारखे वाटते, अशी तक्रार नेहमी ऐकू येई. काही हजार किमी. बसल्यावर ते शरीरास जुळते, असे निर्मात्याचे म्हणणे असे. जुन्या ताणलेल्या चामड्याचा गुण येथे वेगळ्या साधनांनी परत आणला गेला होता. मॅसॅचूसेट्समधील मस्टँग, फ्लॉरिडातील सार्जंट व कॅलिफोर्नियातील मेयर घराणे ही या व्यवसायातील इतर प्रसिद्ध नावे होत.

कॅलिफोर्नियातीलच रसेल यांचे ‘डे-लाँग’ आसन दिसावयास बेढब आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस पंखांसारखे रुंद भाग असून ते मांड्यांनाही आधार देतात. त्यामुळे आसनास्थींवरील भार बराच हलका होतो. दुचाकीच्या सडपातळ रेषांवर हे पंख विशोभित दिसतात व स्वारास पाय टेकणे किंचित अवघड जाते. तरीही दूर पल्ल्याच्या स्वारांत ते फार प्रिय झाले. आसनाचे रूप व त्याचे काम यांतील विरोध याहून स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसतो.

या कारागिरांची काम करण्याची रीत शिंप्याच्या कामासारखी आहे. स्वार आपले वाहन घेऊन येतो, कारागीर त्यास बसवून गुडघ्याचा कोन, पाठीचा कल व पाय टेकण्याची स्थिती पाहतो, फोम तासतो, स्वारास फेरी मारून येण्यास सांगतो व पुन्हा तासतो. दूरचा ग्राहक आपले जुने आसन टपालाने पाठवितो व त्याबरोबर स्वतःचे वजन, उंची, पायांची लांबी आणि वाहनावर बसलेल्या स्थितीतील छायाचित्र देतो. कारखान्यातील आसन सर्वांसाठी म्हणून तयार झालेले असते. पण दोन आसनास्थींमधील अंतर व्यक्तिपरत्वे वेगळे असते व स्त्रियांत ते सामान्यतः पुरुषांपेक्षा जास्त असते. उंची वाढविली की गुडघे मोकळे होतात, पण पाय जमिनीपासून दूर जातात. रुंदी वाढविली तरी तेच होते. प्रत्येक आसन ही अशी एक तडजोड असते आणि ती ज्याची त्याने करावयाची असते. वाहनाच्या कारखान्यांनीही याची काही अंशी दखल घेतली. १९८० मधील गोल्ड विंगचे आसन पुढेमागे सरकविता येई, तर १९९३ नंतरच्या काही बीएमडब्ल्यू मोटारसायकलींच्या आसनाची उंची बदलता येऊ लागली.

अमेरिकेत १९८४ मध्ये ‘आयर्न बट’ ही दूर पल्ल्याची मोटारसायकल स्पर्धा प्रथम भरली. याच नावाच्या संघटनेने ठरविलेल्या कसोट्यांपैकी सर्वांत परिचित कसोटी म्हणजे २४ तासांत १,००० मैल (सु. १,६०९ किमी.) अंतर कापणे. तिचे ‘सॅडलसोर’ हे नाव खोगिराने पडणाऱ्या घट्ट्यांवरून व जखमांवरून घेतलेले आहे. भारतातील अनेक स्वारांनीही ही कसोटी पार केली आहे. या मंडळींच्या अनुभवातून काही साधे उपायही रूढ झाले. लोकरीसह कमावलेले मेंढीचे कातडे आसनावर अंथरल्यास हवा खेळती राहते, घाम टिपला जातो व त्वचेचे घर्षण कमी होते. मोटारचालक वापरतात त्या लाकडी मण्यांच्या आवरणाचाही असाच उपयोग होतो. अमेरिकेच्या अवकाश संशोधनातून १९६६ मध्ये पुढे आलेला, दाबाचा ठसा धरून ठेवणारा फोम आसनांत वापरून पाहण्यात आला. परंतु तो थंडीत कडक व उन्हात फार मऊ होतो, ही त्याची उघड्यावरील वापरातील अडचण आहे. जेलच्या चकत्या उन्हात तापतात.

सर्वांत कल्पक उपाय रुग्णालयाच्या वाटेने आला. चाकांच्या खुर्चीत दिवसभर बसणाऱ्या व संवेदना गमावलेल्या रुग्णांना दाबामुळे जखमा होतात. त्या टाळण्यासाठी इलिनॉय राज्यातील अभियंते रॉबर्ट ग्रेब यांनी १९७० नंतरच्या दशकात हवेच्या परस्परांशी जोडलेल्या लहान लहान पेशींची गादी तयार केली. एका पेशीवर दाब वाढला की, तेथील हवा शेजारच्या पेशींत जाते व सर्वत्र दाब सारखा होतो. याच तत्त्वावरील पातळ गादी पुढे ‘एअरहॉक’ या नावाने मोटारसायकलस्वारांसाठी निघाली. ती मूळ आसनावर पट्ट्यांनी बांधता येते. पुष्कळजण ती फुग्याप्रमाणे घट्ट फुगवितात व मग वळणावर अस्थिर वाटते म्हणून टाकून देतात. वास्तविक आसनास्थी व मूळ आसन यांत बोटभर अंतर राहील एवढीच हवा तीत ठेवावयाची असते.

भारतातील स्थिती : मद्रास (चेन्नई) येथे १९५५ मध्ये एनफील्ड बुलेटची निर्मिती सुरू झाली व १९६० नंतर म्हैसूरच्या जावा आणि राजदूत या मोटारसायकली आल्या. सैन्य व पोलीस यांच्या वाहनांवरील स्प्रिंगयुक्त खोगिरे अनेकांना आठवत असतील. हीच रचना २००९ मध्ये भारतात आलेल्या रॉयल एनफील्ड ‘क्लासिक’ वर पुन्हा दिसली. मागील चाकास धक्काशोषक असताना ती मुख्यतः जुन्या रूपाच्या आकर्षणापोटी होती. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने आलेल्या १०० घ. सेंमी. एंजिनाच्या वाहनांची लांब, सपाट गादी घर ते कचेरी या अंतरासाठी होती व कुटुंबाच्या गरजेपुढे तीवर अनेकदा दोहोंपेक्षा जास्त माणसे बसत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार (कलम १२८) चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते व तीही वाहनास पक्क्या जोडलेल्या योग्य आसनावर असावी लागते. साडी नेसलेली स्त्री एका बाजूस पाय सोडून बसते, तेव्हा तिच्या कमरेस सतत पीळ पडतो आणि भार एका बाजूस झुकतो. आसनाच्या घडणीत या बसण्याचा विचार क्वचितच केलेला आढळतो. कायद्याने फक्त हाताची मूठ, पायटे आणि चाकावरील आच्छादन आवश्यक केले.

मुंबईहून पणजी गाठावयाची, तर सु. ५५०–६०० किमी. अंतर काटावे लागते व कोकणातील वळणांमुळे त्यास पूर्ण दिवस जातो. मोटारसायकलीवरून असे प्रवास व लडाखसारख्या दूरच्या सफरी करणाऱ्यांची संख्या एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून वाढली, तसे आसन बदलण्याचे कामही वाढले. परदेशी आसनाची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची असल्याने हे काम दिल्लीतील करोलबाग, मुंबईतील कुर्ला, पुण्यातील नाना पेठ अशा ठिकाणच्या सीट कारागिरांकडे जाते. हे कारागीर जुने आवरण उकलतात, फोम सुरीने कापून व घासयंत्रावर तासून आकार देतात, नवा थर सोल्यूशनने चिकटवितात आणि रेक्झिन ताणून तबकावर ठोकतात. पुष्कळ ठिकाणी ग्राहकाच्याच आग्रहाने गादीचा मऊ तुकडा वर चढविला जातो व पहिल्या आठवड्यातील समाधानानंतर तक्रार पूर्वीसारखीच सुरू होते. जाणकार कारागीर मऊ थर केवळ वरचा बोटभर ठेवतात, त्याखाली घट्ट फोम देतात, टाकीकडील उतार मोडून बैठक सपाट करतात व मागील बाजूस ती वीतभराहून बरीच रुंद ठेवतात. पावसाळ्यात शिवणीतून पाणी आत झिरपून फोम महिनोन्‌महिने ओला राहतो. म्हणून बसावयाच्या भागावर शिवण येऊ न देणे व फोमवर आवरणाखाली प्लॅस्टिकचा पातळ कागद घालणे, ही दक्षता येथील कारागीर विशेषेकरून घेतात.